तोडगा मध्यस्थाने काढावा, की निघू द्यावा?

प्रश्नकर्त्या गृहस्थांनी लिहिले आहे ते थोडक्यात असे. ते बँकेतून निवृत्त झाले असून मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण त्यांनी हौसेने पूर्ण केले. त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघराचे पाणी दुसऱ्या मजल्यावर झिरपते, असा वाद दोन वर्षे चालू आहे. त्यात त्यांनी दोन्ही कुटुंबांपुढे आजवर पाच तोडगे मांडले: खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, संस्थेने आधी रक्कम उचलून नंतर हप्त्यांनी वसूल करावी, तिऱ्हाईत अभियंत्याचा अहवाल दोघांनी मानावा, वगैरे. पाचही तोडगे फेटाळले गेले. प्रशिक्षणात ‘चांगला मध्यस्थ सर्जनशील असतो’ हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकले होते. म्हणून त्यांचा प्रश्न असा की, ही सर्जनशीलता उपजतच असावी लागते की शिकता येते, आणि शिकता येत असेल तर त्यासाठी वेगळा एखादा अभ्यासक्रम करावा काय.

मी मुंबईत दिवाणी वकिली करतो आणि गेली सोळा वर्षे मध्यस्थ म्हणूनही काम करतो. एका वादात पाच तोडगे ज्याला सुचतात, त्याच्याकडे कल्पनांचा तुटवडा आहे असे मला वाटत नाही. दोन्ही पक्षांच्या फायद्याचे तोडगे त्यांनी हातातही का धरले नाहीत, ही तुमची खरी अडचण आहे, आणि तिचे उत्तर अभ्यासक्रमात मिळणार नाही.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून असते ते सांगतो. प्रत्येक वादात कल्पकतेला सारखाच वाव नसतो. मस्जिद बंदरच्या दोन व्यापाऱ्यांमध्ये न वटलेल्या धनादेशाचा वाद असेल आणि त्या दोघांना पुन्हा एकमेकांचे तोंड पाहायचे नसेल, तर बोलणे आकड्यावर आणि हप्त्यांच्या तारखांवर येऊन थांबते. तेथे चिकाटी हवी, प्रतिभेचे फारसे काम नाही. जेथे एका पक्षाला दुसऱ्याची भीती वाटते, तेथे तर कल्पक तोडगा शोधण्याआधी ते प्रकरण मध्यस्थीसाठी घ्यावे की नाही, हेच ठरवावे लागते. याउलट शेजारी, भाऊ, भागीदार, घरमालक आणि भाडेकरू अशा, वाद मिटल्यावरही ज्यांना एकाच जिन्यावरून ये-जा करायची आहे, त्यांच्या भांडणात वाव मोठा असतो. तुमचा वाद याच जातीचा आहे.

त्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला स्पष्टच सांगितली पाहिजे: तुम्ही सचिव आहात. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांनुसार, सदनिकेच्या आतल्या न्हाणीघरातील वा मोरीतील गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते, आणि पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक नळांमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. म्हणजे पाणी नेमके कोठून येते, यावर संस्थेचा खिसा हलका होणार की नाही हे ठरते. तुम्ही कितीही निःपक्षपाती असलात, तरी तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब तुमच्याकडे ‘सोसायटीचा माणूस’ म्हणूनच पाहत असणार. तुम्ही सुचवलेला तिऱ्हाईत अभियंताही त्यांना ‘सोसायटीचा अभियंता’च वाटला असेल. शक्य असेल तर या वादाची मध्यस्थी दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. ते जमणार नसेल, तर निदान पहिल्या वाक्यात ही अडचण स्वतःच बोलून दाखवावी आणि त्यांना आक्षेप घेण्याची मोकळीक द्यावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या भाषेत तोडगा ‘काढतात’ आणि तोडगा ‘निघतो’ही. जुन्या लोकांच्या बोलण्यात तोडगा म्हणजे दृष्ट लागल्यावर किंवा दुखण्यावर करायचा उतारा. तो जाणत्याने सांगायचा आणि बाकीच्यांनी मुकाट्याने करायचा. नवा मध्यस्थ बहुधा या जाणत्याच्या भूमिकेत शिरतो. मीही शिरलो होतो, आणि त्याची एक आठवण सांगण्यासारखी आहे. (गोपनीयतेसाठी या आणि पुढच्या प्रकरणातील ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

फरसाणाच्या एका दुकानाचे दोन भागीदार वेगळे होत होते. एक दुकान, एक गोदाम, काही येणी आणि काही देणी अशी वाटणी करायची होती. दोन बैठकांत काहीच हलले नाही, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सुचवले की एकाने दोन वाटे करावेत आणि दुसऱ्याने त्यांतला हवा तो आधी उचलावा; म्हणजे वाटे करणारा आपोआप समान वाटे करील. तर्क बिनतोड होता. थोरल्या भागीदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “वकीलसाहेब, नातवंडांना केक असा वाटतात. आम्ही सव्वीस वर्षे धंदा केला आहे.” बैठक तेथेच संपली आणि प्रकरण न्यायालयात परत गेले. पुढे दीडेक वर्षाने कळले की त्यांनी दुकानातच बसून आपसांत मिटवले. गोदाम आणि येणी एकाने घेतली, दुकान दुसऱ्याने घेतले, आणि वाटे कोणी केले नि निवड कोणी केली हे विचारल्यावर दोघेही हसले. पद्धत जवळपास माझीच होती, पण माझ्या तोंडून आली तेव्हा ती अपमान होती.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या या प्रवृत्तीचा अभ्यास केला होता: तोच प्रस्ताव विरोधी पक्षाकडून आला आहे असे कळले, की लोकांना तो आपोआप कमी मोलाचा वाटू लागतो. माझ्या अनुभवात मध्यस्थाकडून आलेल्या प्रस्तावाचीही थोड्याफार फरकाने हीच गत होते, कारण प्रत्येक पक्षाच्या मनात ‘हे यांना समोरच्याने पढवले असणार’ अशी पाल चुकचुकतेच. तुमच्या पाच तोडग्यांपैकी एखादा योग्यही असेल. मात्र तो तुमचा असल्यामुळे आता काही काळ तरी निकामी झाला आहे.

मग मध्यस्थाची कल्पकता खर्ची पडते कोठे? माझ्या मते ती प्रश्न विचारण्यात खर्ची पडते, आणि प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसण्यात. प्रशिक्षणात तुम्हाला एका संत्र्यासाठी भांडणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट सांगितली असेलच. एकीला रस हवा असतो आणि दुसरीला साल. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता संत्रे सोलतानाही ती आठवते. तिच्यापेक्षा मला मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विचारवंत बाईंनी १९२५ च्या सुमारास सांगितलेला स्वतःचा साधा अनुभव अधिक आवडतो. ग्रंथालयातील एका लहान खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती आणि बाईंना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या, जेथे कोणी बसलेले नव्हते त्या खोलीची खिडकी उघडली गेली. त्या माणसाला मोकळी हवा हवी होती, अमुक खिडकीच उघडावी असे नव्हते. बाईंनाही खोली कोंदट ठेवायची नव्हती, उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता, इतकेच. खिडकी अर्धी उघडून त्यांनी ‘सुवर्णमध्य’ साधला असता, तर एकाला हवा अपुरी पडली असती आणि दुसरीला वारा लागतच राहिला असता. निम्मा-निम्मा हा आपल्याकडे न्यायाचा पर्याय समजला जातो. पुष्कळदा ती दोघांची समान गैरसोय असते.

मात्र संत्र्याच्या आणि खिडकीच्या गोष्टींत एक दुवा गाळलेला असतो: रस, साल किंवा वारा ही माहिती बाहेर आली कशी? ‘तुम्हाला हे का हवे आहे?’ असे सरळ विचारल्यास मुंबईचा पक्षकार ‘कारण तो माझा हक्क आहे’ एवढेच सांगतो, आणि त्याचा वकील मान डोलावतो. ‘का’ हा शब्द उलटतपासणीसारखा लागतो. म्हणून मी हक्काविषयी न विचारता दिवसाविषयी विचारतो.

एक प्रकरण जरा विस्ताराने सांगतो. परळच्या एका जुन्या चाळीतील खोली. वडील गिरणी कामगार, खोली पागडीची (म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली), भाडेपावती त्यांच्या नावावर. थोरला मुलगा लग्नानंतर डोंबिवलीला गेला, धाकटा वडिलांजवळ राहिला. वडील वारले आणि काही वर्षांनी चाळीचा पुनर्विकास ठरला. धाकट्याची बाजू कायद्याने बळकट होती, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेकरूपण त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जाते. थोरल्याचे म्हणणे असे की, गिरणी बंद पडल्यावर घर त्यानेच चालवले, खोलीची दुरुस्ती त्याच्या पैशाने झाली, म्हणून नव्या सदनिकेत अर्धा हिस्सा त्याचा. धाकटा म्हणे, एक इंचही मिळणार नाही. दोन्ही भावांचे वकील तयारीचे होते आणि पहिली संयुक्त बैठक भाडेपावत्यांच्या चळती एकमेकांसमोर सरकवण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्यांच्या कुटुंबाला स्वतंत्र बैठकीत विचारले, “सोमवारी सकाळी तुमचे घर किती वाजता जागे होते?” वकिलांनी घड्याळाकडे पाहिले. थोरले काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “साडेचारला.” मुलीला माटुंग्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. पहाटेची लोकल, दाराशी चेंगराचेंगरी, परतताना रात्र. आणि ती घरी पोचेपर्यंत वडील फलाटावर उभे. आठ महिने असे चालले होते. थोरले सगळा वेळ खाली पाहत होते. मग म्हणाले, “परळची खोली असती तर हे झालं नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.” सत्तावीस पानांच्या दाव्यात हे वाक्य कोठेही नव्हते.

त्यांची परवानगी घेऊन मी संयुक्त बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्यांनी तेच उत्तर दिले. धाकट्यांच्या पत्नी जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या, “मग ती आमच्याकडे राहत का नाही? नको कोण म्हणालं होतं?” यानंतर खोलीत जी शांतता पसरली, ती मोडू न देणे हे त्या प्रकरणातील माझे सर्वांत कठीण काम होते. जिभेवर तयार मसुदा होता: पाच दिवस काकांकडे, शनिवार-रविवार डोंबिवली. मी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्यायलो. मिनिटभराने थोरल्यांनी भावजयीकडे न पाहता विचारले, “तीन वर्षं?” मग सगळे बोलू लागले.

पुढे जे ठरले त्यात माझे एकही कलम नव्हते. नवी सदनिका धाकट्याच्या नावावर राहावी, विकासक देणार असलेली कॉर्पसची, म्हणजे पुनर्विकासापोटीची एकरकमी, सगळी रक्कम थोरल्याला मिळावी, आणि पदवी पूर्ण होईपर्यंत पुतणीने काकांच्या घरी राहावे. इमारत बांधून होईपर्यंत विकासक देणार असलेल्या भाड्यातून धाकट्याने दादर-परळ परिसरातच घर घ्यावे, म्हणजे तिचे महाविद्यालय जवळ राहील. पुतणीच्या जेवणाचा खर्च लिहावा असे थोरल्याच्या वकिलांनी सुचवले, तेव्हा काकू इतक्या दुखावल्या की ते कलम आम्ही तत्काळ सोडून दिले. न्यायालय हे देऊ शकले असते काय? मुळीच नाही, न्यायालयापुढे प्रश्न फक्त भाडेकरूपण कोणाचे एवढाच होता.

आता हे शिकता येते का? बऱ्याच अंशी येते, आणि त्यातली एक रीत तुम्हाला लगेच वापरता येईल. सर्वांनी एकत्र बसून सुचेल ते मोकळेपणाने बोलावे, म्हणजे भरपूर कल्पना निघतात, हा विचार ॲलेक्स ऑस्बर्न या जाहिरात व्यावसायिकाने लोकप्रिय केला. परंतु येल विद्यापीठात झालेल्या आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, तितकीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतात आणि नंतर त्यांच्या कल्पना एकत्र केल्या जातात, तेव्हा अधिक कल्पना मिळतात. एकमेकांवर चिडलेल्या माणसांच्या बाबतीत तर हे मला पदोपदी दिसते. समोरचा ऐकतो आहे म्हटल्यावर कोणी सवलतीचा शब्द काढत नाही. म्हणून मी दोन्ही पक्षांना वेगळ्या खोल्यांत कोरा कागद देतो आणि दहा मिनिटांत एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगतो: ‘समोरच्याचे काम होईल आणि तुमचे फारसे बिघडणार नाही, अशा कोणकोणत्या गोष्टी तुम्ही करू शकता?’ लिहिलेले कशालाही बांधील नाही आणि परवानगीशिवाय ते पलीकडच्या खोलीत जाणार नाही, हे आधी बजावतो. पहिल्या दोन ओळी बहुधा टोमणे असतात. चौथ्या-पाचव्या ओळीपासून वाचण्यासारखे मिळू लागते.

दुसरी गोष्ट कमी आकर्षक आहे: चौकटीची माहिती. कायदा, पैसा आणि बांधकाम यांतले काय शक्य आहे हे ठाऊक नसेल, तर मध्यस्थाला पक्षकारांच्या सूचनेतली शक्यता ओळखता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे समझोत्याचा विषय दाव्याच्या विषयापेक्षा वेगळा असला, तरी तो त्याच पक्षकारांमधला आणि कायदेशीर असेल तर त्यानुसार हुकूमनामा होऊ शकतो. पुतणीचे शिक्षण खोलीच्या दाव्यात बसू शकले ते या तरतुदीमुळे. तुमच्या बाबतीत चौकट न्यायालयाची नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे. त्यात तीन मध्यस्थांचे मंडळ असते आणि तेथील समझोता हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. त्या कायद्याची सगळी कलमे एकदम लागू केली गेली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांतली फक्त काही अमलात आली. म्हणून त्याचा आधार घेण्याआधी आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. तुमच्या प्रकरणात बांधकामाची माहिती अधिक उपयोगी पडेल. न्हाणीघराची फरशी उखडून नवे वॉटरप्रूफिंग करायचे म्हटले, की नुसता कोबा सुकायला आणि पाणी भरून चाचणी घ्यायलाच काही दिवस जातात, आणि तेवढे दिवस ते न्हाणीघर बंद राहते.

येथवर जे सांगितले ते तुमच्या वादाला लावून पाहू. तुमचे पाचही तोडगे ‘खर्च कोणी करायचा’ या प्रश्नाची उत्तरे आहेत. वरच्या कुटुंबाचा नकार पैशासाठी आहे, हे तुम्ही गृहीत धरले. तसे त्यांनी म्हटल्याचे तुमच्या पत्रात कोठेही नाही. कदाचित पैशासाठीच असेल. परंतु त्या घरात एकच न्हाणीघर असेल, एखादे आजारी वा वृद्ध माणूस असेल, किंवा मागे कोणी फरशी फोडून काम अर्धवट टाकून पळाला असेल, तर तुम्ही खर्चाचा शंभर टक्के भार उचललात तरी ते ‘नाही’च म्हणतील. खालच्यांच्या बाजूनेही तेच: छताचे पोपडे पडणे हे त्यांचे दुखणे आहे, की दोन वर्षांत वरच्यांनी एकदाही खाली येऊन ते छत पाहिले नाही, हे?

एक सावधगिरी मात्र घ्या. तोडगा निघालाच, तर तो शब्दांत उतरवताना कल्पकता बाजूला ठेवून कारकुनी काटेकोरपणा आणावा. ‘दोन्ही पक्ष सहकार्य करतील’ हे वाक्य मी माझ्या मसुद्यातून नेहमी खोडतो, कारण पुढचे भांडण नेमके तेथून सुरू होते. काम कोणत्या तारखेला सुरू होणार, कारागीर कोणी ठरवायचा, किती वाजेपर्यंत ठोकाठोक चालणार, तेवढ्या दिवसांत वरच्या कुटुंबाने आंघोळ कोठे करायची, चाचणीनंतर पुन्हा ओल आली तर कोणी किती दिवसांत काय करायचे, हे सगळे लिहावे.

येत्या आठवड्यात तुम्ही एवढेच करून पाहा. समितीचे पत्र न पाठवता, फाइल न घेता, तिसऱ्या मजल्यावर एकटे जा. त्यांना आधी सांगा की मी आज काहीही सुचवायला आलेलो नाही आणि सचिव असल्यामुळे माझ्याविषयी शंका वाटत असेल तर ती रास्त आहे. चहा येऊ द्या. मग विचारा: “तुमचं न्हाणीघर दहा-बारा दिवस बंद राहिलं, तर घरात कोणाची कशी अडचण होईल?” उत्तर येताना सहावा तोडगा तुम्हाला सुचेलच, तो खिशात ठेवा, आणि खाली उतरताना दुसऱ्या मजल्याची बेल वाजवून ते छत त्यांच्याबरोबर एकदा पाहून घ्या.